रिमांड होममधून सुटलेल्या पोराला घर शोधायचंय: सीमाभागात कुठून सुरुवात करायची?

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून एकाच ठिकाणी लिहून ठेवूया. पोरगं सात-आठ वर्षांचं असताना घरातून निघतं किंवा जत्रेत, स्टेशनात हरवतं. पुढं मोबाईलचोरी, घरफोडी, मारामारी अशा कशाततरी सापडतं. रिमांड होमला जातं आणि तिथून सुटतं, नाहीतर पळतं. सतरा-अठरा-वीस वर्षांचं झाल्यावर विचारायला लागतं, आई कुठली, आपण मूळचे कोण. आणि कचेरीची पायरी चढायची म्हटलं की जुनी केस उकरून काढतील ही धास्ती.

बहुतेक जण शोध उलट्या टोकानं सुरू करतात. आठवणीतल्या गावाचं नाव घेऊन गावोगाव फिरतात. पहिला कागद गावात नसतो. पोरगं जिथं पहिल्यांदा सरकारच्या हाती लागलं, तिथं असतो. रायबागचं पोर मिरज स्टेशनात सापडलं तर त्याची पहिली फाइल सांगलीच्या बालकल्याण समितीकडं, बेळगावात नव्हे. कोल्हापूर बसस्थानकात सापडलं तर कोल्हापुरात. बेळगावात बसून कितीही अर्ज करा, 'नोंद आढळत नाही' एवढंच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं.

मागायचे कागद असे. समितीसमोर उभं केलं त्या दिवसाचा हजर-अहवाल, म्हणजे नमुना 17. त्यात कुठं, किती वाजता, कुणाला, कोणत्या स्थितीत सापडला हे असतं. हरवलेलं, निराधार म्हणून समितीपुढं आलेल्या मुलाचा सामाजिक चौकशी अहवाल नमुना 22 मध्ये असतो. गुन्ह्यात सापडलेल्याचा नमुना 6 मध्ये, आणि तो परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) लिहितो. पोलिसांनी भरलेला सामाजिक पार्श्वभूमीचा कागद नमुना 1. संस्थेतली वैयक्तिक माहिती नमुना 43. पोरानं पहिल्या दिवशी जे सांगितलं ते बहुधा पहिल्या दोन कागदांत शब्दशः उतरलेलं असतं. पुढच्या कागदांवर 'पत्ता अज्ञात' असं एकदा पडलं की तेच पुढं नक्कल होत जातं. म्हणून सर्वांत जुना कागद आधी काढा.

हे नमुने 2016 च्या बाल न्याय नियमांतले आहेत. त्याआधीच्या फायलींत नमुन्यांचे आकडे वेगळे, पण कागद साधारण तेच.

काळा_कोट

धागा चांगला काढलात. भीतीचं आधी निस्तरूया, कारण त्यावरच सगळं अडतं.

बाल न्याय कायदा 2015 चं कलम 26 बघा. निरीक्षणगृहातून (म्हणजेच रिमांड होममधून) किंवा विशेषगृहातून पळालेल्या मुलाला पोलीस ताब्यात घेऊ शकतात. 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढं, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळापुढं, हजर करायचं, शक्यतो ज्या मंडळानं मूळ आदेश दिला तिथं, नाहीतर जवळच्या मंडळापुढं. मंडळानं पळण्याचं कारण विचारायचं. आणि पळाला म्हणून वेगळी कारवाई करायची नाही, हे कलमातच लिहिलेलं आहे. तेव्हा कारण विचारलं की पोरानं खाली मान घालून गप्प बसू नये. 'घर शोधायला गेलो होतो' हे वाक्य नोंदीत येऊ द्या. त्याच दिवशी मंडळाकडं लेखी मागणी करता येते की परिविक्षा अधिकाऱ्यानं घराचा शोध पुन्हा घ्यावा.

आता वय अठराच्या वर असेल आणि घटनेच्या वेळी कमी असेल, तर अल्पवयीन असल्याचा मुद्दा कलम 9 खाली कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. अठरानंतरचं वॉरंट डोक्यावर असेल तर मात्र आधी वकील घेऊन त्याच कोर्टात हजर व्हायचं आणि मग शोध. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन 15100.

स्वतःची फाइल मागायला बरेच जण दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकतात. गोपनीयतेचं कारण लावून तो परत येतो. त्यापेक्षा त्याच समितीकडं किंवा मंडळाकडं कलम 99 चा हवाला देऊन साधा अर्ज करा. अहवाल गोपनीय असले तरी त्यातला सारांश मुलाला, पालकाला किंवा दुसऱ्या समितीला कळवायची मुभा त्या कलमात आहे. 'पूर्ण प्रत द्या' असं म्हणू नका. 'माझ्या मूळ पत्त्याबद्दल, पालकांच्या नावांबद्दल आणि मी सापडलो त्या ठिकाणाबद्दलच्या नोंदीचा सारांश द्या' असं नेमकं मागा.

आणि घाई करा. दोषी ठरल्याचं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवायचं आणि मग नष्ट करायचं, असं 2016 च्या नियम 14 मध्ये आहे. पोराला नवी सुरुवात मिळावी म्हणून केलेला नियम आहे तो, चांगलाच आहे, पण बापाचं नाव त्याच गठ्ठ्यात असेल तर तेही जातं. मंडळाचा गठ्ठा गेला असेल तरी हात टेकू नका. संस्थेची प्रवेश नोंदवही आणि समितीची फाइल वेगळी असते. त्यांची चौकशी स्वतंत्र करा.

लोंढा_पॅसेंजर

रेल्वेचं मी सांगतो. आपल्याकडची हरवलेली पोरं निम्मी-अर्धी मिरज-लोंढा मार्गानं जातात असं म्हटलं तर चालेल, आकडा मागू नका.

बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची ही स्टेशनं नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात. मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. म्हणजे कुडचीला गाडीत चढलेलं पोर मिरजेला उतरलं की राज्य बदललं, रेल्वे बदलली, पोलीस बदलले आणि समितीही बदलली. रेल्वे सुरक्षा दल वेगळं आणि लोहमार्ग पोलीस वेगळे, हेही ध्यानात ठेवा. पहिल्यांच्या डायरीत पोर सापडल्याची नोंद असते, दुसऱ्यांकडं गुन्हा आणि बेपत्ताची नोंद. दोन्हीकडं विचारायचं.

मिरजेत सापडलं म्हणजे बेळगावकडचंच, असं धरून चालू नका. मिरजेत चार दिशांच्या गाड्या येतात: पुणे, कोल्हापूर, पंढरपूर-कुर्डुवाडी आणि बेळगाव. म्हणून हजर-अहवालात गाडीचा नंबर आहे का बघा. नंबर नसेल तर वेळ आणि फलाट असतो. त्या सालचं वेळापत्रक घेऊन गाडी काढता येते. आताचं वेळापत्रक लावू नका, मार्गाचं दुपदरीकरण झालंय, वेळा पार बदलल्यात.

नवखा_खानापूर

पोराचा फोटो आणि माहिती व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली तर लवकर काम होत नाही का? हल्ली सगळे तेच करतात.

काळा_कोट

नाही! कलम 74. कायद्याशी संघर्षात आलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'पोराच्या भल्यासाठी टाकलं' म्हणून सुटका होत नाही.

उगारखुर्द

थोडी दुरुस्ती. अठरा पूर्ण झालेल्या माणसानं स्वतःचा आजचा फोटो स्वतः टाकला तर त्याला कोण अडवणार? 'मी अमुक साली अमुक ठिकाणी सापडलो, डाव्या हातावर गोंदण आहे' इतकं त्यानं लिहावं. रिमांड होमचं नाव, केस, सोबतच्या पोरांचे फोटो मात्र टाकू नयेत. आणि एक खूण जाणूनबुजून मागं ठेवावी. फोन येतात तेव्हा खरं-खोटं पारखायला तीच कामाला येते. गोंदण आहे एवढं सांगा, कशाचं आहे ते सांगू नका.

अठराच्या आतलं असेल तर 1098 ही बाल हेल्पलाइन, नाहीतर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचं पोर्टल. पूर्वीचं ट्रॅकचाइल्ड आणि खोया-पाया आता त्यातच आलंय.

गोडसाखर

आठवणींतून गाव कसं काढायचं यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हे काम नीट झालं तर बाकीचं निम्मं सोपं होतं.

'तुझं गाव कोणतं?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. पोरं एकतर कुणीतरी सुचवलेलं नाव सांगतात, नाहीतर जवळच्या बाजारगावाचं. चिकोडी म्हणणारं पोर चिकोडीपासून वीस किलोमीटरवरचं असू शकतं. आधी हे विचारा.

आईला काय हाक मारायचास? आई, आये, अव्वा, अम्मा. बापाला अप्पा का अण्णा का बाबा? आज्जीची भाषा तीच होती का? सीमाभागात आई कन्नड आणि बाप मराठी, नाहीतर उलट, हे रोजचं आहे. एका भाषेवरून निकाल देऊ नका.

ताटात काय असायचं? रोज भात असेल तर खानापूरची पश्चिम बाजू, चंदगडच्या लगतचा भाग. ज्वारीची भाकरी असेल तर अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडं. यानं गाव मिळत नाही, पण निम्मा जिल्हा बाद होतो.

आवाज आणि वास विचारा. कारखान्याचा भोंगा आणि मळीचा वास म्हटलं की कृष्णा-दूधगंगा-घटप्रभेचा उसाचा पट्टा. तंबाखूच्या वखारी, खोकला, हाताला चिकट काळं लागायचं असं म्हणाला तर निपाणी. कौलांच्या आणि मडक्यांच्या भट्ट्या म्हणाला तर खानापूर. धबधब्याजवळ गिरणी आणि झुलता पूल म्हटलं तर गोकाक फॉल्स, तिथं दुसरं काही जुळतच नाही.

जत्रा विचारा. भंडारा उधळणं, मेंढरं, माघातली मोठी जत्रा म्हणजे चिंचलीची मायाक्का असू शकते. डोंगरावर लिंबाचा पाला, परड्या, जग म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा. पण तिथं महाराष्ट्रातून लाखोंनी माणूस येतं. म्हणून पुढचा प्रश्न: घरून चालत गेलात, बैलगाडीतून का एसटीतून? किती मुक्काम पडले?

बसवरच्या पाटीवरची अक्षरं कशी होती? ओळखता येत नसली तरी कागदावर 'ಬೆಳಗಾವಿ' आणि 'बेळगाव' दोन्ही लिहून दाखवा. पोरं बोट ठेवतात.

आणि मुख्य म्हणजे, घर कायमचं होतं का हंगामी? पोरगं उसाच्या फडावरून हरवलं असेल तर गाव बेळगाव जिल्ह्यात नसतंच. टोळ्या बीड, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), विजयपूर (विजापूर), सोलापूरकडून येतात, दिवाळीनंतर येऊन मार्च-एप्रिलला परततात. अशा वेळी गावकऱ्यांना विचारून उपयोग नाही. कारखान्याच्या शेती विभागात त्या गळीत हंगामाचे तोडणी-वाहतुकीचे करार असतात, त्यात मुकादमाचं नाव आणि गाव मिळतं. त्या मुकादमाला टोळीतली कोयती, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, आठवतात. पोर कुणाचं गेलं होतं हे तर तो विसरत नाही.

दोन्हीलिपी

नावांचं लिहितो. सरकारी दप्तर इकडं कन्नडमध्ये, तिकडं मराठीत. एकाच पोराचं नाव चार तऱ्हेनं पडतं. मल्लू, मल्लाप्पा, मल्लिकार्जुन, मल्हारी हा एकच पोरगा असू शकतो. कन्नड लेखनिक मागं अप्पा जोडतो, मराठी लेखनिक तो काढून टाकतो. च आणि ज चे मराठीतले दोन उच्चार कन्नड लिपीत वेगळे दिसत नाहीत. आडनाव तर इकडं कधी गावावरून, कधी धंद्यावरून, आणि कधी नुसतं बापाच्या नावाचं पहिलं अक्षर.

गावांचा गोंधळ त्याहून जास्त. अंकली म्हटलं तर एक चिकोडी तालुक्यातलं, दुसरं मिरजेजवळचं, आणि दोन्ही कृष्णाकाठची! बोरगाव निपाणीकडं आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. उगार, कंग्राळी यांना खुर्द आणि बुद्रुक आहेत. इकडच्या दप्तरात ते इंग्रजी 'के. एच.', 'बी. के.' असं लिहितात आणि तिकडच्या कारकुनाला ती गावकऱ्याच्या नावाची आद्याक्षरं वाटतात. जिल्ह्याचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या संगणकी नोंदी 'बेलगाम' या स्पेलिंगखाली आहेत, शोधताना तिन्ही घाला.

कर्नाटकात 'सरकारी बालमंदिर' म्हणजे बालगृह. महाराष्ट्रातल्या कचेरीला तो कागद दाखवताना वर मराठीत 'बालगृह' लिहून द्या, नाहीतर बालवाडीचा दाखला समजून बाजूला ठेवतात.

अर्ज इकडं कन्नडमध्ये आणि सोबत मराठी प्रत असा द्या. नुसता मराठी दिला की टेबलावर राहतो. भाषेचा वाद इथं घालू नका रे, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.

मुख्याध्यापक_निवृत्त

शाळेकडं कुणी लक्ष देत नाही. दोन वर्षं जरी पोरगं शाळेत गेलं असेल तरी जनरल रजिस्टरात त्याची एक ओळ असते, आणि जन्मनोंद नसली तरी ही ओळ असते. तीत रजिस्टर नंबर, नाव, आईचं नाव, जात, जन्मठिकाण, दाखल तारीख, आधीची शाळा आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख व कारण. कारणात 'सतत गैरहजर' असं लिहिलेलं असलं तर ती ओळ नीट बघा. नाव कमी केल्याची तारीख आणि पोर सापडल्याची तारीख यांत काही महिन्यांचंच अंतर असेल तर माग बरोबर आहे.

जन्मतारीख 1 जून दिसली की समजा, गुरुजींनी अंदाजानं घातली आहे. तिच्यावरून जन्मनोंद शोधत बसू नका, मागं-पुढं दोन वर्षं बघा. पण कोर्टात वय ठरवताना कलम 94 प्रमाणं शाळेचीच तारीख पहिली धरतात, ती नसली तर पालिका-पंचायतीचा दाखला, तोही नसला तरच हाडांची तपासणी. म्हणजे ती अंदाजाची तारीख पोराला तारूही शकते आणि बुडवूही शकते.

अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि कर्नाटकातलं तायी कार्ड (गरोदर आईचं आरोग्य कार्ड) हेही विचारा. सेविका त्याच गावची असते, बदलून जात नाही.

गोडसाखर

आधारचं राहिलं. संस्थेत पोराचं नवं आधार काढायला गेले आणि 'आधीच नोंद आहे' म्हणून अर्ज फेटाळला गेला, तर ती वाईट बातमी नव्हे. घरच्यांनी आधी काढलेलं आहे, त्याला पत्ता आहे. संस्थेनं आणि समितीनं आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडं लेखी पाठपुरावा करायचा. अशा मार्गानं देशभरात बरीच पोरं घरी गेलीत. अट एवढीच की पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे दिलेले असावेत. पाचच्या आतल्या बाल आधारला ठसे घेतच नाहीत, तिथं हा मार्ग बंद. पोलिसांनी ठसे देऊन नाव मागितलं तर मिळत नाही, त्याला उच्च न्यायालयाचा आदेश लागतो.

नवखा_खानापूर

घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिलीच असेल ना? ती कुठं मिळते?

काळा_कोट

सालावर आहे. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्यानंतरचं असेल तर गुन्हा क्रमांक मिळायला हवा. त्याआधी बऱ्याच ठिकाणी नुसती बेपत्ताची नोंद व्हायची आणि ती वही पुढं टिकतेच असं नाही. जुनं असेल तर पोलीस ठाण्यापेक्षा पोलीस पाटील, जुना तलाठी, गावचा दुकानदार यांना विचारलेलं बरं.

अजून एक अडचण. दुसऱ्या राज्यातल्या मुलाला पाठवताना कलम 95 प्रमाणं ताबा मूळ जिल्ह्याच्या समितीकडं देतात, ते सोयीचं नसेल तर त्या राज्याच्या राजधानीतल्या समितीकडं. म्हणून चिकोडीच्या पोराची फाइल कधी बंगळूरला निघते. बेळगाव-सांगली दोन्हीकडं मिळाली नाही तर तिकडं विचारा.

मलप्रभा

सगळे शोधायचं कसं ते सांगताय. सापडल्यावर दारात कसं जायचं नाही, तेही लिहायला हवं.

सौंदत्तीच्या परिसरात देवदासी प्रथेतून आलेल्या आया आहेत. 1982 च्या कर्नाटक कायद्यानं देवदासी सोडण्यावर बंदी आली, पण त्या पिढीच्या पोरांच्या कागदावर बापाचा रकाना मोकळाच राहिला. कुणाची आई पुन्हा लग्न करून दुसऱ्या घरी नांदतेय आणि तिथं पहिल्या पोराचं कुणाला माहीत नाही. अशा घरी पोरगं अचानक उभं राहिलं तर आईच नाकारते. नाकारते म्हणजे आई नव्हे, असं होत नाही. आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविकेनं किंवा गावातल्या आशा सेविकेनं एकट्या आईला गाठायचं, भेट तिसऱ्या जागी ठेवायची. पहिल्या भेटीत पोरानं 'का सोडलंस' हे विचारायचं नाही, आणि मालमत्तेचं तर अजिबात नाही.

दत्तक गेलेल्यांचं वेगळं. मूळ शोधण्याचा अर्ज अठरानंतर स्वतः करता येतो, त्याआधी दत्तक आईबापांबरोबर. दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीनं शोध घेणं चालत नाही. आईनं लेखी समर्पण करताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर नाव मिळत नाही.

बापाचा रकाना मोकळा असला तरी जन्मदाखला अडत नाही. एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच म्हटलंय.

दोन्हीलिपी

डीएनएबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. खाजगी प्रयोगशाळेतला अहवाल स्वतःच्या समाधानाला ठीक. दाखला, वारसा, ताबा यांसाठी न्यायालयाच्या किंवा समितीच्या आदेशानं, साक्षीदारांसमोर घेतलेला नमुना लागतो. आणि समोरचा माणूस कोण हे आधी ठरलेलं पाहिजे. नुसता पोराचा नमुना देऊन गाव निघत नाही.

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

एक वेगळा प्रकारही येतो. घर सापडतं, पण घरच्यांनाच आपलं मूळ माहीत नसतं. आजा-पणजा 'सेटलमेंटातला' एवढंच सांगतात.

1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. 'गुन्हेगार जमाती' कायद्याखाली हुबळी, गदग, विजापूर, सोलापूर इथं तारेच्या कुंपणातल्या वसाहती होत्या. कैकाडी-कोरवा, कंजारभाट, छप्परबंद, हरणशिकारी, घंटीचोर अशा जमातींची कुटुंबं तिथं ठेवली जात, आणि पोरांना आईबापांपासून तोडून वसतिगृहात घालत. म्हणजे सरकारनंच पोरांचं मूळ तोडायचं आणि पुढं त्यांच्याच वंशजांकडं मूळचा पुरावा मागायचा! कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. त्या वसाहतींचे वार्षिक अहवाल मुंबई राज्याच्या दप्तरात, म्हणजे आज मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधायचे, बंगळूरला नव्हे. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशन चालवायचं, तिथं चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही हाही कागद धरा. अहवालात एकेका माणसाचं नाव क्वचित मिळतं. हजेरीपट, शाळेचं रजिस्टर, गिरणीची नोकरनोंद यांत मिळतं.

काळा_कोट

यावरून जातीच्या दाखल्याचं सांगतो, कारण मूळ सापडल्यावर पोरं पहिल्यांदा तिकडंच धावतात. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कैकाडी महाराष्ट्रात विदर्भात अनुसूचित जातीत आणि इतरत्र विमुक्त जातीत. कर्नाटकात कोरवा, कोरमा अनुसूचित जातीत. सवलत मूळ राज्याची मिळते, आज राहता त्या राज्याची आपोआप नाही. म्हणून निपाणीत सापडलेल्या घराचं मूळ कागलचं निघालं तर दाखल्याची कचेरी कोल्हापूर जिल्ह्यात. बापाकडच्या नात्यातल्या कुणाचा तरी जुना शाळेचा दाखला हाती आल्याशिवाय अर्ज करू नका. एकदा फेटाळला गेला की पुढच्या प्रत्येक कचेरीत तो फेटाळल्याचा कागद आधी विचारतात.

नवखा_खानापूर

अठरा झाल्यावर राहायचं कुठं? शोध चालू असताना पोरं पुन्हा स्टेशनावरच झोपतात.

उगारखुर्द

संस्थेत राहून अठरा पूर्ण झालेल्याला पश्चात-सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची मदत, मिळते, 21 पर्यंत, विशेष कारण असलं तर 23 पर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये महिना 4,000 रुपये आहेत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. संस्था सोडायच्या आधी द्यायचा, आणि संस्था सोडल्याच्या आदेशाची प्रत स्वतःकडं ठेवायची. ती प्रत नसली की 'तू आमच्याकडं होतास कशावरून' इथून सुरुवात होते.